किल्ला कोठे बांधावा, केव्हा बांधावा?



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. या दोहोंना तिसऱ्याची जोड द्यायची झाली तर मी म्हणेन, किल्ला पाहावा राखून. किल्ला बांधायला पैसा एकदाच लागतो. राखायला तो दर महिन्याला लागतो. शिपायाचा पगार, कोठारातला दाणा, दारूगोळा, पावसाळ्यात ढासळलेल्या तटाची डागडुजी, टाक्यांतला गाळ, यांतले काहीच चुकत नाही. शत्रू आला तरी खर्च आहे आणि दहा वर्षे फिरकला नाही तरी खर्च आहे. मग हा खर्च कोठे फळाला येतो आणि कोठे पाण्यात जातो, हा आजच्या बोलण्याचा विषय.

तुम्ही म्हणाल, अहो, आता किल्ले बांधतो कोण? तर सांगतो, मुले बांधतात. संगणकावर खेळण्याचे काही खेळ असे आहेत की त्यांत खेळणाऱ्याच्या हाती एक अख्खे राज्य दिलेले असते. ‘युरोपा युनिव्हर्सालिस’ नावाचा असा एक नावाजलेला खेळ आहे. स्वीडनमधल्या एका कंपनीने केलेला. त्याची चौथी आवृत्ती २०१३ साली निघाली. खेळ सुरू होतो ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी आणि चालतो तो १८२१ सालापर्यंत. बहमनी राज्य घ्या, विजयनगर घ्या, नाहीतर फ्रान्स घ्या. वसूल गोळा करा, फौज ठेवा, तह करा, आणि पावणेचारशे वर्षे राज्य टिकवून दाखवा. त्या खेळात पोरांना हमखास अडवणारा प्रश्न आहे तो हाच: किल्ला बांधू की नको?

आता त्या खेळातला हिशेब ऐका. तेथे साध्या किल्ल्याची किंमत दोनशे नाणी, आणि बाजारपेठ किंवा देऊळ बांधायला लागतात शंभर. म्हणजे एका किल्ल्याच्या पैशात दोन बाजारपेठा होतात. बाजारपेठ उत्पन्न वाढवते. किल्ला दर महिन्याला उत्पन्न खातो. शांततेच्या काळात किल्ल्याची शिबंदी कमी करून अर्धा खर्च वाचवता येतो, पण मग ऐन युद्धात शिबंदी भरून यायला वेळ लागतो आणि तोवर शत्रू दाराशी उभा राहतो. त्याच्या बदल्यात किल्ला देतो काय? एक म्हणजे तो वाट अडवतो. किल्ल्याच्या आसपासच्या मुलुखात शिरलेल्या फौजेला त्याला वळसा घालून खुशाल पुढे जाता येत नाही. आधी किल्ला घ्यावा लागतो, नाहीतर आल्या वाटेने परतावे लागते. दुसरे म्हणजे तो वेळ खातो. वेढा पडला की महिन्यामागून महिने जातात आणि वेढा घालणाऱ्याची माणसे रोगराईने, उपासमारीने गळत राहतात.

नवशिका खेळाडू यांतून दोनपैकी एक वाट धरतो. एक जण भीतीपोटी जागोजाग किल्ले उभारतो. खजिना रिता होतो, फौज पोसायला पैसा उरत नाही, आणि शत्रू येऊन एकेक किल्ला सावकाश गिळत बसतो. दुसरा चिक्कूपणाने एकही किल्ला बांधत नाही. सगळा पैसा बाजारपेठांत घालतो, आणि एकाच मोहिमेत सगळ्या बाजारपेठा शत्रूच्या पदरात जातात. जो मुरलेला आहे तो किल्ले थोडे बांधतो, पण जागा पाहून बांधतो आणि मागे फौज ठेवतो.

हे झाले खेळातले. खेळ करणाऱ्यांनी हे नियम जगाच्या इतिहासाकडे पाहूनच बसवले आहेत. पण आपल्याला इतके दूर जायला नको. आपल्या सह्याद्रीत या एकाच प्रश्नाचा अभ्यास पावणेदोनशे वर्षे चालला होता. तेथे खेळ नव्हता आणि चुकले तर पुन्हा पहिल्यापासून मांडण्याची सोय नव्हती. तेव्हा खेळातली चार सूत्रे घेऊ आणि ती आपल्या डोंगरांवर घासून पाहू.

पहिले सूत्र वाटेचे. शत्रूला जेथून जावेच लागते तेथे किल्ला हवा. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली आणि लागलीच भोरप्याच्या डोंगरावर किल्ला बांधायला काढला. काम मोरोपंत पिंगळ्यांकडे होते. हाच प्रतापगड. जागा कशी पाहा. वाईकडून कोकणात उतरायचे तर पार घाटाची वाट, आणि तिच्यावर हा गड. सभोवती जावळीचे रान. अफझलखान मोठी फौज घेऊन वाईला आला. मोकळ्या मैदानात त्याच्यापुढे उभे राहणे अवघड होते. महाराज प्रतापगडावर जाऊन बसले आणि खानाला त्या रानात यावे लागले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी काय घडले ते तुमच्या गावातली शाळकरी मुलेही सांगतील. पण पोवाड्याच्या भरात एक गोष्ट मागे राहते, ती शिक्षक मंडळींनी मुद्दाम सांगावी. त्या दिवशी गडाच्या तटावर कोणी शिडी लावली नाही. गडाने काम केले ते शत्रूला अडचणीच्या जागी ओढण्याचे. निकाल लावला तो रानात दबा धरून बसलेल्या फौजेने. आणि अठराच दिवसांनी पन्हाळा महाराजांच्या हाती आला.

वाट पाण्यावरचीही असते. मुंबई बंदराच्या तोंडाशी, अलिबागजवळच्या थळच्या समोर, खांदेरी नावाचे बेट आहे. १६७९ साली मराठ्यांनी तेथे तटाचे काम सुरू केले. बेट ते केवढे! पण मुंबईच्या इंग्रजांनी गलबते पाठवली, जंजिऱ्याचा सिद्दी धावून आला, समुद्रात लढाई झाली. इतक्या लहानशा बेटासाठी इतकी धावपळ का? तर त्या बेटावर तोफ बसली की मुंबईत येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांवर आणि जंजिऱ्याकडच्या हालचालींवर नजर राहणार होती. अखेर इंग्रजांनी माघार घेतली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. शत्रूला जी जागा इतकी खुपते ती जागा बरोबर निवडली, असे समजायला हरकत नाही.

दुसरे सूत्र वेळेचे. किल्ला कधी ना कधी पडतो. हे मनाशी धरूनच तो बांधायचा असतो. तो पडायला किती दिवस लागतील, आणि तेवढ्या दिवसांत आपण काय करणार, हा खरा हिशेब. नाशिकजवळचा रामशेज पाहा. सह्याद्रीतल्या अजस्र गडांपुढे तो लहान. पण १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला आणि सरदार बदलून पाहिले तरी सुमारे पाच वर्षे तो लढत राहिला. पुढे १६९९ च्या अखेरीस औरंगजेब बादशहा म्हातारपणी स्वतः किल्ले घ्यायला निघाला. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. एकट्या साताऱ्याने डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत त्याला अडकवून धरले. प्रयागजी प्रभू गड लढवीत होते. मोगलांनी सुरुंग उडवला तर तट बाहेरच्या बाजूला कोसळून त्यांचीच माणसे गाडली गेली. हे आठ किल्ले घेता घेता १७०४ साल उजाडले. काही ठिकाणी तर गड लढून मिळेना, तेव्हा रक्कम मोजून घ्यावा लागला.

आणि त्या वर्षांत मराठ्यांच्या फौजा काय करत होत्या? त्या खानदेशात, वऱ्हाडात फिरत होत्या. १७०३ साली नर्मदा ओलांडून माळव्यात गेल्या. १७०६ साली गुजरातेत उतरल्या. बादशहा डोंगरात गुंतला होता आणि त्याचा मुलूख मागे उघडा पडला होता. किल्ल्यांनी वेळ विकत घेतला आणि फौजेने तो वेळ कामी लावला. १७०७ साली बादशहा नगरला वारला आणि पुढे बहुतेक किल्ले मराठ्यांनी परत घेतले.

तिकडे तामिळ मुलुखात जिंजीचेही तेच. १६७७ साली दक्षिणेच्या स्वारीत महाराजांनी जिंजी घेतली आणि तिचा बंदोबस्त पक्का केला. इतक्या दूरच्या किल्ल्यावर खर्च कशाला, असे त्या वेळी कोणाला वाटलेही असेल. पण बारा वर्षांनी, १६८९ साली, रायगडाला वेढा पडला, तेव्हा राजाराम महाराजांना जायला जागा होती ती तीच. रायगड त्याच वर्षी पडला. राज्य पडले नाही, कारण राजा जिंजीत होता. जिंजीचा वेढा १६९० पासून १६९८ पर्यंत, मध्ये खंड पडत, चालला. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी बाहेरून वेढ्यावर तुटून पडले, तेव्हा झुल्फिकारखानाला वेढा उठवून मागे जावे लागले. १६९७ साली संताजी मारला गेला; पुढच्या वर्षाच्या आरंभी जिंजी मोगलांनी घेतली. पण तोवर राजाराम महाराज निसटले होते. तट तोच होता, तोफा त्याच होत्या. बाहेरून धावून येणारे कोणी आहे की नाही, एवढ्यावर वेढ्याचा रंग बदलत होता.

तिसरे सूत्र खर्चाचे. १६७१–७२ साली शिवाजी महाराजांनी किल्ल्यांच्या कामांसाठी एक तजवीज ठरवली. एकूण रक्कम एक लाख पंचाहत्तर हजार होन. होन म्हणजे सोन्याचे नाणे. त्यांतले पन्नास हजार एकट्या रायगडाला, कारण ती राजधानी. सिंहगड, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, प्रतापगड, पुरंदर, राजगड यांना प्रत्येकी दहा हजार. लोहगड, सुधागड, विशाळगड अशांना पाच पाच हजार. कोरीगडाला तीन हजार, सरसगडाला दोन, मनोहरगडाला एक. आणि किरकोळीसाठी सात हजार बाजूला. ही यादी मला एखाद्या लढाईच्या वर्णनाइतकी मोलाची वाटते. सगळ्यांना सारखे वाटप नाही. कोणता गड किती उपयोगाचा, त्याप्रमाणे त्याचा वाटा. आपल्या घरातही पेरणीच्या तोंडावर कर्ता माणूस असेच करतो. कोणत्या वावरात किती खत टाकायचे ते पिकाकडे पाहून ठरवतो.

खर्च वाचवण्याची एक वाट जागा निवडतानाच सापडते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त किल्ल्यांवर सविस्तर विचार आहे. त्याचा आशय असा की डोंगरावर आधी पाणी पाहावे, मग बांधकामाला हात घालावा; आणि गडाच्या जवळ त्याच्यावर मारा करता येईल असा दुसरा डोंगर असू नये, असलाच तर तो फोडावा किंवा तटबंदीत घ्यावा. पाण्याविना गड म्हणजे विहिरीविना मळा. शेजारच्या डोंगराचे म्हणाल तर पुरंदरचे उदाहरण आहे. पुरंदरला लागून वज्रगड. १६६५ च्या एप्रिलमध्ये दिलेरखानाने आधी वज्रगड घेतला आणि तेथून पुरंदरवर तोफा डागल्या. मुरारबाजी देशपांडे शर्थीने लढून पडले, पण गड जेरीस आला.

पुरंदर आणखीही एक गोष्ट शिकवतो, आणि ती खेड्यातल्या माणसाने विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. मिर्झाराजे जयसिंह नुसता वेढा घालून बसला नव्हता. त्याने तुकड्या पाठवून राजगड, रोहिडा या बाजूची गावे जाळली, माणसे धरून नेली. गड उंच होता, शाबूत होता; पण गडाखालचे शिवार जळत होते आणि ते वाचवायला पुरेशी फौज नव्हती. किल्ला स्वतःपुरता टिकतो. रयतेला वाचवायला फौजच लागते. महाराजांनी हे ओळखले आणि जूनमध्ये तह केला. तेवीस किल्ले आणि चार लाख होनांचा मुलूख दिला. बारा किल्ले आणि एक लाखाचा मुलूख राखला. किती जड गेले असेल! पण विचार करा, द्यायला किल्ले होते म्हणून तह झाला. फौज राहिली, माणसे राहिली, राजा राहिला. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन सिंहगड घेतला, आणि त्या साली दिलेल्यांतले कितीतरी गड परत आले. दगडापेक्षा माणूस मोलाचा, हा हिशेब त्या तहात आहे.

चौथे सूत्र काळाचे. काल जो तट पुरेसा होता तो आज पुरेसा असेलच असे नाही. त्या संगणकाच्या खेळातही शत्रूजवळ तोफा आल्या की जुने किल्ले भराभर पडू लागतात. मग तेथे नव्या पद्धतीचा तट बांधावा नाहीतर जुना पाडून खर्च वाचवावा. आपल्याकडे १८१८ साली हे दिसले. फेब्रुवारीत सातारा गेला, २ मार्चला सिंहगड, १० मे रोजी रायगड. एकेका किल्ल्याला महिनेही लागले नाहीत, काही दिवस पुरले. इंग्रजांच्या उखळी तोफांचे गोळे तटावरून थेट आत पडत होते, हे एक कारण. पण सगळा दोष तटाला देऊ नका. तेव्हा बाजीराव पेशवे फौजेसह मुलूखभर पळत होते आणि कोणत्याही वेढ्यावर बाहेरून तुटून पडणारा संताजी नव्हता. किल्लेदाराने लढायचे ते कोणाची वाट पाहत? ३ जूनला पेशवे माल्कमच्या स्वाधीन झाले, आणि ज्या डोंगरांनी एका बादशहाची वर्षेच्या वर्षे खाल्ली होती ते एका उन्हाळ्यात गेले.

शिक्षक बंधुभगिनींनो, हे सारे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा मुलांच्या हातून करून घेता आले तर? संगणक नसला तरी अडत नाही. मूठभर चिंचोके आणि खडूने काढलेला नकाशा पुरे. खेळ सांगतो, लिहून घ्या.

जमिनीवर आठ गावे काढा. एका बाजूला डोंगर आणि त्यात एकच खिंड. मुलांच्या एका गटाला राज्य द्या आणि चोवीस चिंचोके खजिना. किल्ला बांधायला सहा चिंचोके आणि दर फेरीला त्याची बेगमी दोन. फौजेचे एक पथक उभारायला तीन चिंचोके आणि दर फेरीला पगार एक. प्रत्येक गाव दर फेरीला एक चिंचोका वसूल देते. शत्रू खिंडीतून येतो नऊ पथके घेऊन. तो मुलुखात असेपर्यंत दर फेरीच्या आरंभी एक गाव उजाड होते आणि त्याचा वसूल बंद. मग वसूल गोळा करून खर्च भागवायचा. ज्या पथकाला पगार मिळत नाही ते घरी जाते. ज्या किल्ल्याला बेगमी मिळत नाही त्याचा दरवाजा उघडतो. किल्ला वाटेवर असेल तर शत्रूला तेथे तीन फेऱ्या बसावे लागते आणि प्रत्येक फेरीअखेर त्याचे एक पथक गळते. तिसऱ्या फेरीअखेरही कोणी सोडवायला आले नाही तर किल्ला पडतो. किल्ल्याखाली लढाई झाली तर आतली शिबंदी आपल्या बाजूने दोन पथकांइतकी धरायची. लढाईत ज्याची पथके जास्त तो जिंकला.

आता बघा काय होते. पहिला गट चोवीस चिंचोक्यांत चार किल्ले बांधील. फौज शून्य. पहिल्याच फेरीला एक गाव उजाड झाले की वसूल सात आणि बेगमी आठ. एक किल्ला आपोआप उघडा. पुढे एकेक करून सगळे जातात. दुसरा गट एकही किल्ला न बांधता आठ पथके उभारील आणि मोकळ्यावर नवांपुढे हरेल. तिसरा गट, एखादी शांत डोक्याची मुलगी त्यात असेल तर, खिंडीत एकच किल्ला बांधील, पाच पथके उभारील, आणि तीन चिंचोके गाठीला ठेवील. पहिल्या फेरीला सात वसूल, सात खर्च. दुसरीला सहा वसूल. गाठीचा एक मोडावा लागेल. तिसरीला पाच वसूल; उरलेले दोन्ही जातील. खजिना कोरडा. पण तिसऱ्या फेरीअखेर शत्रूची पथके सहा उरलेली असतील, आणि आपली पाच अधिक शिबंदीची दोन मिळून सात. त्या क्षणी जो बाहेर पडला तो जिंकला. एक फेरी आधी घाई केली तर सातास सात, निकाल नाही. एक फेरी उशीर केला तर किल्ला गेलेला. आणि तोच किल्ला खिंड सोडून कोपऱ्यातल्या टेकडीवर बांधला असेल, तर शत्रू त्याच्याकडे ढुंकूनही न पाहता पुढे जातो. मुले दोनचार वेळा हरतील. हरू द्या. हरता हरता त्यांना वाट, वेळ आणि खर्च ही तिन्ही सूत्रे न सांगता कळतील.

चौथे काळाचे सूत्र आणायचे असेल तर खेळ चांगला रंगल्यावर नियम बदला: शत्रूला तोफा मिळाल्या, आता किल्ला एकच फेरी टिकेल. मग पाहा वर्गात कसा गलका होतो.

एक गोष्ट मात्र खेळ शिकवत नाही, ती तोंडाने सांगावी लागेल. संगणकाच्या पडद्यावर मुलूख गेला की नकाशाचा रंग बदलतो. आपल्या खेळात एक चिंचोका कमी होतो. प्रत्यक्षात गाव उजाड होते तेव्हा बियाण्याचे दाणे जातात, बैल जातात, माणसे परागंदा होतात. उजाड झालेल्या गावात कोण राहत होते आणि ते कोठे गेले, असे मुलांना विचारा. कोणी म्हणेल जंगलात, कोणी म्हणेल मामाच्या गावाला. उत्तर काहीही येऊ दे. चिंचोक्याच्या मागे माणूस आहे, एवढे ध्यानात आले म्हणजे झाले.

२०२५ साली ‘युनेस्को’ने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तामिळनाडूतली जिंजी. यांतला एखादा तुमच्या शाळेच्या सहलीच्या टप्प्यात असेल, नसला तर गावाशेजारी एखादा बिननावाजलेला गड असेलच. तेथे गेलात म्हणजे मुलांना बुरुजाच्या टोकावर उभे करा आणि चार प्रश्न विचारा. येथून कोणती वाट दिसते? पाणी आणि दाणा किती दिवस पुरला असता? येथल्या शिपायाचा पगार कोणत्या गावाच्या वसुलातून येत असेल? आणि वेढा पडला तर सोडवायला कोण, कोणत्या बाजूने आले असते? चौथ्या प्रश्नावर मुले जरा थांबतील आणि दूरच्या डोंगराकडे बघू लागतील. वेढ्यातली माणसेही तिकडेच बघत असत.